आबासाहेबांचा वरचा जबडा

आबासाहेब जगदाळ्यांच्या तोंडात मी गुलाबी लगद्यानं भरलेला साचा बसवला, तेव्हा त्यांच्या बंगल्यात कित्येक वर्षांनी शांतता पसरली. लगदा घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, श्वास नाकानं घ्यायचा, अशी ताकीद मी दिली होती. आबासाहेबांना ताकीद द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. त्यामुळे खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ते माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. हनुवटीवरून एक गुलाबी ओघळ कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर उतरत होता आणि तो पुसायची कोणाची छाती होत नव्हती.

त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणत, स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होत्या. जरा वेळानं त्या पुढं आल्या आणि हळूच मला विचारलं, ''हे रोज करता येतं का हो?''

त्यांची मुलगी कालिंदी ओढणीचं टोक तोंडात धरून खिडकीबाहेर बघू लागली. हा सगळा खटाटोप त्या कालिंदीसाठीच चालला होता.

मी तेव्हा पुण्याच्या एका संस्थेत जुन्या माणसांच्या दातांवर संशोधन करत होतो. जुन्या म्हणजे पेन्शनीतल्या नव्हे, लाखो वर्षांपूर्वीच्या. युरोपात निअँडरथल नावाची माणसं राहत असत. भक्कम हाडांची, मोठ्या नाकाची, हनुवटी जवळजवळ नसलेली. ती कुठून आली, त्यांचे पूर्वज कोण, यावर जगभरचे विद्वान भांडत होते. अशात स्पेनमधल्या एका डोंगरातल्या खोल खड्ड्यात हाडांचा ढीगच सापडला. माणसं पुष्कळ, दात तर शेकड्यांनी. तेव्हा ती हाडं तीन लाख वर्षांची म्हणत, आता चार लाखांच्या पुढं गेलीत. त्या खड्ड्यातल्या लोकांची गंमत अशी, की त्यांचे दात आणि जबडे थेट निअँडरथलांच्या वळणाचे होते, पण कवटी अजून जुन्याच घडणीची होती. म्हणजे बदल तोंडापासून सुरू झाला आणि डोक्यापर्यंत पोचायला त्याला फार काळ लागला. या जबड्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती एका पेटीत भरून मी गावोगावच्या कॉलेजांत व्याख्यानं देत हिंडत असे.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात असंच व्याख्यान झालं. प्रश्न विचारा म्हटल्यावर मुलांनी जेवायची सुट्टी किती वाजता होणार ते विचारलं. मग प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई उठल्या, पेटीतला एक जबडा हातात घेऊन त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, ''म्हणजे तोंड पुढं गेलं आणि डोकं मागं राहिलं?''

मी म्हटलं, थोडक्यात तसंच.

''मग इतक्या लांब स्पेनला कशाला जायचं? आमच्या घरी चला.''

त्या बाई म्हणजे कालिंदी जगदाळे. मी त्याच दिवशी कामातून गेलो. पुढच्या वर्षभरात त्या कॉलेजात निअँडरथलांवर इतकी व्याख्यानं झाली, की शिपाईसुद्धा मला बघितल्यावर पेटी कुठं ठेवायची ते न विचारता ठेवायचा. शेवटी मी धीर करून, वडील नव्हते म्हणून माझे चुलते तात्या यांना घेऊन रीतसर मागणी घालायला आबासाहेबांच्या बंगल्यावर गेलो.

आबासाहेबांनी नाव विचारलं. भास्कर थोरवे म्हणून सांगितलं. गाव विचारलं. नदीच्या पल्याडचं म्हणून सांगितलं. तिथंच बोलणी संपली. थोरवे ही काय चीज आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, कधीतरी पुरात वाहत आले असतील आणि काठाला लागले असतील, असं त्यांनी तात्यांच्या तोंडावर सांगितलं. जगदाळ्यांचं घराणं कुठवर मागं जातं, कोणत्या लढाईत कोण पडलं, हे त्यांनी चहा गार होईपर्यंत ऐकवलं. आमची देवकं वेगळी होती, म्हणजे कुळाची खूण वेगळी, त्यामुळे सोयरीक जुळायला रीतीची आडकाठी नव्हती. आडकाठी आबासाहेबांची होती. त्यांच्या मते आमच्याकडे कूळ म्हणावं असं काही नव्हतंच.

मी संशोधक होतो आणि प्रेमात होतो. या दोन्ही अवस्थांत माणूस नको ते बोलतो. मी म्हणालो, ''कूळ सांगण्यावर नसतं आबासाहेब, दातांत असतं.''

त्यांनी कप खाली ठेवला. दातांवरून कूळ कळतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी खड्ड्यातल्या माणसांची हकिकत सांगितली. दातांची ठेवण आईबापांकडून येते, कवटीच्या आधी दातांनीच त्या माणसांचं गोत्र सांगितलं, असं बरंच काही ऐकवलं. ते ऐकता ऐकता आबासाहेब खुर्चीत ताठ होत गेले. त्यांचे दात मोठे आणि भक्कम होते, आणि ते स्वतःच्या दातांवर खूश होते.

''मग आमचे बघा,'' ते म्हणाले. ''आणि तुमच्या घरातलेबी बघा. तुमचं कूळ आमच्या तोडीचं निघालं, तर मुलगी दिली. न्हाई निघालं, तर ही पेटी उचलायची आणि पल्याड जायचं. पुन्हा नदी ओलांडायची न्हाई.''

माझे स्वतःचे पुढचे दोन दात लहानपणी सायकलवरून पडून गेले होते, म्हणून आमच्या बाजूनं तात्यांचा जबडा उभा करायचं ठरलं. तात्यांचा एक जुना टेंपो होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. दातांचा ठसा घ्यायचा म्हटल्यावर ते आधी न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले.

दोन्ही ठशांत मी प्लास्टर ओतलं. वाळल्यावर दोन पांढरे जबडे शेजारी शेजारी ठेवले आणि मी भिंग आणायला धावलो. पुढचे दात आतल्या बाजूनं चमच्यासारखे खोलगट, दोघांचेही. मोठ्या दाढेच्या आतल्या अंगाला एक जादाचा उंचवटा, दोघांनाही. अक्कलदाढा दोघांच्याही पूर्ण आलेल्या, ऐसपैस जागा घेऊन बसलेल्या. मी ते जबडे भिंगाखाली धरून तासन्‌तास बघितले. इतकं जुळेल अशी माझीही अपेक्षा नव्हती. आनंदाच्या भरात मी रात्रीचं जेवलो नाही, इतकं मला आठवतं.

निकाल सांगायला रविवारी सकाळी बंगल्यावर बोलावणं आलं. वहिनीसाहेबांनी पितळी तबकात पांढरा रुमाल घालून दिला, त्यावर मी दोन्ही जबडे मांडले. तात्यांना मी वाटेत बजावलं होतं, की तोंड उघडायचं नाही. आबासाहेब चष्मा लावून वाकले. मी म्हटलं, यातला आपला कोणता ते आपणच ओळखा.

आबासाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. उजवीकडचा जबडा उचलून त्यांनी तो उजेडात धरला. ''हा काय. सांगायला कशाला पाहिजे? रुबाब बघा की याचा. आमचे आजोबा हसले, की असेच दिसायचे.'' मग दुसऱ्या जबड्याकडे त्यांनी बोट केलं. ''ह्याच्यात ती जरब न्हाई.''

मी अत्यंत नम्रपणे सांगितलं, की त्यांच्या हातातला जबडा तात्यांचा आहे, आणि ज्यात जरब नाही तो त्यांचा.

बंगल्यात दुसऱ्यांदा शांतता पसरली, आणि या वेळी लगदा नव्हता. आबासाहेबांनी दोन्ही जबडे उलटसुलट बघितले. मागच्या बाजूला मी पेन्सिलीनं नावं घातली होती, ती वाचली. मग मी माझं भाषण ठोकलं. खोलगट दात दाखवले, दाढेचा उंचवटा दाखवला, पेटीतल्या खड्ड्यातल्या जबड्यांचा दाखला दिला. दोन्ही घराण्यांचं मूळ एकच आहे, एकाला उच्च आणि एकाला हलकं म्हणायला शास्त्रात जागा नाही, असा समारोप केला. कालिंदी माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, की मला दोन वाक्यं जास्त बोलावीशी वाटली. ती मी बोललो. ''एका रक्ताची माणसं आहात आपण,'' असं मी म्हणालो, आणि तिथं माझा घात झाला.

आबासाहेबांचे डोळे पाण्यानं भरले. हे कोणी कधी बघितलं नव्हतं. ते उठले, तात्यांजवळ गेले आणि त्यांना कडकडून मिठी मारली.

''भाऊ,'' ते म्हणाले.

तात्यांनी माझी ताकीद पाळून तोंड उघडलं नाही, पण त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. ते आबासाहेबांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मी हसतमुखानं उभा होतो. कालिंदीचं हसू मात्र मावळायला लागलं होतं. यातली मेख तिला माझ्याआधी कळली होती.

''मग आबा,'' ती सावकाश म्हणाली, ''आमचं लग्न?''

''कुणाचं?'' आबासाहेबांनी डोळे पुसले. ''अगं, हा तुझा चुलतभाऊ निघाला. भावाबहिणीचं लगीन होतं होय?'' मग ते माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच मला अरेतुरे करत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ''भास्कर, लेकरा, तू थोर काम केलंस. कालिंदे, दादाला पेढा दे.''

कालिंदीनं मला पेढा दिला. तो मी पेटीत जबड्यांशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी माझंच संशोधन खोडून काढायच्या मागं लागलो. देवकं वेगळी आहेत, हे मी आबासाहेबांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, देवक माणसांनी लावलं, दात देवानं दिले. दातांचा पुरावा कच्चा असतो, असं सांगितलं. त्यावर त्यांनी माझं रविवारचं भाषण मला शब्दशः ऐकवलं. मग मी तात्यांकडे गेलो आणि नातं नाकारा म्हणून हात जोडले. तात्या टेंपो पुसत होते. आता ते रोज सकाळी आबासाहेबांकडे चहाला जात आणि न्याहारी करूनच परत येत.

''भास्कर,'' ते म्हणाले, ''बायकू तुला दुसरी मिळंल. मला ह्या वयात भाऊ कुठला मिळायचा?''

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कुढत बसलो असतो. पण पंधरवडा उलटायच्या आत आबासाहेब स्वतः जीप घेऊन आमच्या दारात आले. चुलता म्हणून त्यांच्यावर माझी जबाबदारी आली होती आणि जबाबदारीला ते पक्के होते. त्यांनी माझ्यासाठी मुलगी बघितली होती. फलटणकडची, बी.ए. झालेली, सुगरण. बघायला जाताना बहीण सोबत हवी म्हणून त्यांनी कालिंदीलाही आणलं होतं. ती जीपमध्ये मागं बसली होती आणि सरळ समोर बघत होती.

मी पोटात कळ आल्याचं सांगून तो दिवस टाळला. जीप वळताना कालिंदी उतरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ''तो लगदा उरलाय का?''

उरला होता. साचाही दिला आणि प्लास्टरही. कशाला हवा ते तिनं सांगितलं नाही आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मीही विचारलं नाही.

चार दिवसांनी तिनं मला बंगल्यावर बोलावलं. आबासाहेब आणि तात्या दिवाणखान्यात बसून पोहे खात होते. एकमेकांचं काही न ऐकता दोघंही एकाच वेळी बोलत होते आणि दोघंही सुखात होते. मी जाऊन बसलो. तेवढ्यात वहिनीसाहेब तेच पितळी तबक घेऊन बाहेर आल्या. तबकात या वेळी तीन जबडे होते. कालिंदी मागं उभी राहिली.

वहिनीसाहेब त्या घरात फारसं बोलत नसत. बोलायला जागाच नसायची. त्यांनी तबक टीपॉयवर ठेवलं आणि तिसरा जबडा आबासाहेबांच्या हातात दिला.

''हा बघा बरं.''

आबासाहेबांनी तो बघितला. पुढचे दात खोलगट. मोठ्या दाढेच्या आत उंचवटा. आता त्यांना दातांतलं बरंच कळायला लागलं होतं. त्यांनी तो तात्यांना दाखवला. तात्यांनीही मान हलवली.

''आपलाच,'' आबासाहेब म्हणाले. ''कुणाचा हाय? आणखी कोण भाऊबंद निघाला काय?''

''माझा,'' वहिनीसाहेब म्हणाल्या.

आबासाहेबांच्या हातातला चमचा पोह्यांतच राहिला. वहिनीसाहेबांचं माहेर तिकडं विट्याच्या पलीकडचं. देवक वेगळं, आडनाव वेगळं, पत्रिका दोनदा बघितलेली. आबासाहेबांनी जबडा मागं वळवून नाव वाचलं. कालिंदीनं ते पेन्सिलीनं, चांगलं ठळक लिहिलं होतं.

''सगळी रीत बघून मला आणली तुम्ही,'' वहिनीसाहेब शांतपणे म्हणाल्या. ''इतकी वर्षं संसार झाला. आता दात म्हणतायत मी तुमची बहीण. मग माझं काय करायचं ठरवा. माहेरी जाऊ, का राखी बांधू?''

तात्यांना ठसका लागला. आबासाहेबांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मला बोलायची मुभा मिळाली होती, पण खरं सांगतो, या वेळी मी दोन वाक्यं कमीच बोललो. मी म्हणालो, की असे दात या मुलखात कितीतरी घरांत असतील. त्यावरून एवढंच कळतं, की फार फार मागं आपण सगळे कुठल्या तरी एका गर्दीतले आहोत. त्या खड्ड्यातल्या माणसांच्या दातांवरून त्यांची जात कळली, पण कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाची बायको, हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही.

''मग तवा रक्त-बिक्त काय बोलत होतास?'' आबासाहेबांनी विचारलं.

''तेव्हा मला तुमची मुलगी हवी होती,'' मी म्हणालो. ''अजून हवी आहे.''

यावर आबासाहेब भडकतील असं मला वाटलं. ते भडकले नाहीत. त्यांनी हातातला जबडा तबकात ठेवला आणि तिन्ही जबडे एका ओळीत लावले. मला वाटत होतं, की ते कुळाचा विचार करताहेत. मग ते हळू आवाजात बोलायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की मी त्या माणसाला ओळखलंच नव्हतं. त्यांच्या भावकीतली घरं एकेक करून जमिनीपायी कोर्टात गेली होती. सख्खा भाऊ मेला तो बोलणं बंद असतानाच मेला. सगळ्या मुलखाला घराण्याचा पाढा ऐकवणाऱ्या आबासाहेबांच्या घरी दिवाळीला जगदाळ्यांतलं एक माणूस येत नव्हतं.

''म्हणजे तात्या माझा कुणीच न्हाई,'' ते म्हणाले.

मला माझ्या शास्त्राचा आणि स्वतःचाही मनापासून राग आला. त्या माणसाच्या पदरात मी भाऊ टाकला होता आणि आता तोच काढून घ्यायला आलो होतो.

तात्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि खाकरले.

''कुणी न्हाई कसा? लगीन लागू द्या, मग व्याही की मी तुमचा.''

''व्याही येगळा आणि भाऊ येगळा. भाऊ उठतो आणि येतो.''

''ते खरं हाय,'' तात्या म्हणाले. ''मी मुलाकडचा. मला रीतसर बोलावणं लागंल. बोलावल्याबिगर मी पाय टाकणार न्हाई.''

''बोलावतो की.''

''रोज?''

आबासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. ''रोज,'' ते म्हणाले.

आमचं लग्न त्याच वैशाखात झालं. आणि आबासाहेब हिंडते फिरते होते तोवर सकाळी उठून, डोक्याला फेटा बांधून, स्वतः जीप घेऊन पूल ओलांडत, आमच्या दारात उभे राहत आणि माझ्या चुलत्याला हात जोडून चहाचं आमंत्रण देत. तात्या आतून सांगत, बघतो, सवड झाली तर येतो. आणि सदऱ्याची बटणं लावत लावत जीपमध्ये जाऊन बसत.